पट आणि हजर

रविवारी सकाळी साडेआठला चर्चची पहिली घंटा झाली आणि माझी आजी चपला घालून चर्चच्या उलट दिशेला चालू लागली.

"आजी, चर्च इकडं."

"मला ठाऊक आहे चर्च कुठं आहे ते. तुझा बाप जन्मायच्या आधीपासून जातेय मी तिथं. छत्री घे."

ऊन नव्हतं, पावसाचं चिन्ह नव्हतं. छत्री तिला काठीऐवजी लागायची. काठी धरली की लोक म्हातारी म्हणतात, छत्री धरली की म्हणतात, बाई निघाल्या कुठंतरी, असा तिचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नगरला न्यायला जीप येणार होती. पोटातली गाठ काढायची होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, वय झालंय, हृदय थकलंय, पण गाठ तशीच ठेवूनही चालणार नाही. दाराआड उभी राहून आजीनं ते सगळं ऐकलं. वर्गाबाहेर थांबून आतलं ऐकायची तिची सवय जुनी होती. परतताना एसटीत तिनं मला एवढंच विचारलं, "रविवारी प्रभुभोजन आहे ना गं?"

"आहे."

"मग सोमवारी चालेल."

माझी आजी म्हणजे राहेलबाई मकासरे. कौठेमाळच्या मिशन शाळेची मुख्याध्यापिका. ती शाळा बंद पडून तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. मी नगरच्या एका दैनिकात नुकतीच लागले होते आणि चार दिवसांची रजा काढून गावी आले होते. गावात मात्र आजी अजून 'बाई'च होती. घराच्या ओट्यावरच्या भिंतीला तिनं काळा रंग देऊन फळा केला होता. संध्याकाळी वस्तीवरची मुलं तिथं येऊन बसत. चिंचोके मांडून ती त्यांना अक्षरं गिरवायला शिकवायची. अक्षर चुकलं तर पुसायला काही नसे, चिंचोका सरकवला की झालं. "चुकलेलं दिसेनासं करायचं नाही, जागेवर आणायचं," असं ती म्हणायची.

"गुरुजींकडं जायचंय," चालता चालता आजी म्हणाली.

"कोणत्या गुरुजींकडं?"

"या गावात एकच उरलेत."

गमलिएल गुरुजी. शाळेत ते तिच्या हाताखाली होते. पाटापलीकडं राहायचे. त्यांचं आणि आजीचं भांडण झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. दर रविवारी उपासना सुटली की गुरुजी टोपी काढून म्हणायचे, "सलाम, बाई." आजी म्हणायची, "सलाम, गुरुजी." मग दोघं आपापल्या वाटेनं जायचे. मी तेवढंच पाहत आले होते.

"आत्ताच कशाला? उपासनेनंतर जाऊ."

"उपासनेनंतर गेले तर तुकडा कसा घेऊ?"

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या मंडळीत प्रभुभोजन दर रविवारी नसतं. पाळकांकडं पाच गावं, त्यामुळं आमची पाळी दोन-अडीच महिन्यांनी यायची. नेवाशाच्या बेकरीतून पाव आणून त्याचे लहान चौकोनी तुकडे करतात. तबक बाकांवरून हातोहात फिरतं. ज्यानं त्यानं एक तुकडा उचलून हातात धरायचा आणि पाळकांनी सांगितलं की सगळ्यांनी बरोबर खायचा. त्याला एक अट आहे. ज्याचं कोणाशी बिनसलंय त्यानं आधी जाऊन समेट करायचा, मगच तुकड्याला हात लावायचा. ही अट बहुतेक जण डोळ्याआड करतात. बांधावरून कोर्टात गेलेले चुलतभाऊ एकाच तबकातून तुकडा घेतात आणि बाहेर पडताना एकमेकांच्या चपलांवरून पाय देत जातात. आजी मात्र शाळा बंद पडल्यापासून तबक पुढं सरकवत आली होती. विचारलं की म्हणायची, "अजून नाही."

"गुरुजींवर एवढा कसला राग आहे तुझा?" मी विचारलं.

"माझा नाही. त्यांचा माझ्यावर आहे. असणारच. त्यांच्या ताटातली भाकर काढून घेतली मी." ती थांबली, छत्री जमिनीत रोवून दम घेतला. "परत येईन न येईन. आज मला तो तुकडा घ्यायचाय, विनू. पाय उचल."

त्यांच्या ताटातली भाकर कशी गेली, ते मी पाहिलं होतं. मी तेव्हा चौथीत होते.

दिवाळी झाली की आमचं गाव अर्धं रिकामं व्हायचं. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. बैलगाडीत भांडी, भांड्यांवर कोंबड्यांचा डाला आणि डाल्याशेजारी मुलं. तान्ह्याला सांभाळायला थोरलं भावंड लागतंच. आजी दरवर्षी गाड्या जुंपायच्या आधी घरोघर जायची आणि पदर पसरायची. "लेकरू माझ्याकडं ठेवा. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की घेऊन जा." कोणी ऐकायचं, कोणी नाही. पण पाच-सात मुलं दरवर्षी आमच्या घरात राहायची, जेवायची, भिंतीकडं पाय करून ओळीनं झोपायची. मला कितीतरी दिवस वाटायचं, सगळ्यांच्याच घरात अशी मुलं असतात.

त्या वर्षी दिवाळीत आजीला विषमज्वर झाला. ती अंथरुणाला खिळली. गाड्या निघून गेल्या, मुलंही गेली. शाळेचे बाक ओस पडले. आणि त्यातच तपासणी लागली. पट कमी दिसला तर शाळेचं अनुदान थांबणार, हे आम्हा मुलांनासुद्धा कळत होतं.

तपासणीच्या सकाळी आजी अंगावर शाल घेऊन पहिल्यांदा शाळेत आली, तर वर्ग भरलेला. माझ्या शेजारी एक मुलगी बसवली होती, तिला मी कधी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या वाडीवरून गमलिएल गुरुजींनी मुलं आणली होती. कोणाला कोणाचं नाव दिलंय ते पढवून ठेवलं होतं. आजीला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. सांगायला वेळही उरला नाही, कारण साहेब तिच्या मागोमागच आत आले.

साहेबांनी हजेरी चाळली, वर्गावर नजर फिरवली आणि नेमकं माझ्या शेजारणीला उठवलं. "बाळ, तुझं नाव काय?"

ती उभी राहिली. घाबरली. मग तिनं विचारलं, "खरं सांगू का आजचं?"

मागचा एक मुलगा फिसकन हसला. साहेब हसले नाहीत. ते आजीकडं वळले. "बाई, ही मुलं तुमच्या शाळेची आहेत का?"

आजी म्हणाली, "नाहीत."

तेवढंच. साहेबांनी टोपण लावलं, पेन खिशात टाकला. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली नाही. आजीची नोकरी तशीही संपत आली होती. गुरुजींची संपली नव्हती. त्यांनी सायकलला मागं बुट्टी बांधली आणि गावोगाव अंडी विकायला लागले.

गुरुजींच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा त्यांची सून सरला अंगण झाडत होती. आजीला बघून ती खराटा टाकून उभीच राहिली.

"अगं बाई! तुम्ही इकडं?"

"गुरुजी आहेत ना?"

"ते तर तुमच्याच घरी गेलेत! सकाळी उठले, दाढी केली, कोट घातला. म्हटलं, बाबा, गुडघा दुखतोय, कुठं निघाला? तर म्हणाले, बाई उद्या जायच्या आहेत. पाटाच्या कडेकडेनं गेले. तुम्ही रस्त्यानं आलात होय?"

आजी मला म्हणाली, "तरी मी तुला म्हणत होते, पाटाच्या कडेनं जाऊ."

ती असं काही म्हणाली नव्हती.

तेवढ्यात दुसरी घंटा झाली. चहा ठेवते म्हणणाऱ्या सरलाला आजीनं हातानंच नको म्हटलं. "मी घरी नाही म्हटल्यावर गुरुजी सरळ चर्चलाच येतील. तिथंच बोलू. दारात उभ्यानं बोलू, पण बोलू."

गुरुजी आले नाहीत. आमच्याकडं बाया डावीकडं बसतात, पुरुष उजवीकडं. उजवीकडं तिसऱ्या बाकाच्या टोकाला त्यांची जागा, ती रिकामी होती. आजी प्रत्येक गीताला उठली, प्रत्येक प्रार्थनेला तिनं डोळे मिटले आणि मधूनमधून मान वळवून दाराकडं पाहत राहिली. एरवी कोणा मुलानं मान वळवली असती तर तिनं त्याला कोपर मारलं असतं.

तबक फिरायला लागलं. आमच्या बाकाशी आलं. आजीनं माझ्याकडून तबक घेतलं आणि नेहमीप्रमाणं पुढं दिलं नाही. मांडीवर धरून ठेवलं. शेजारच्या यहोशवाच्या आईनं हात पुढं केला, मागं घेतला. समोर उभे असलेले तरुण पाळक साळवे आमच्याकडंच बघत होते. मग आजीनं एक तुकडा उचलला.

पाळकांनी सांगितलं. सगळ्यांनी खाल्लं. आजीनं खाल्लं नाही. कमरेचा रुमाल काढला, तुकडा त्यात ठेवला, गाठ मारली आणि हात जोडून बसली. असं केलेलं आमच्या चर्चमध्ये कोणी कधी पाहिलं नव्हतं. मागच्या बाकावर कुजबुज झाली.

"घरी नेतात की काय?"

"बाई आहेत त्या. गप बस."

आम्ही घरी आलो तेव्हा गुरुजी ओट्यावर बसले होते. पाटाच्या कडेनं येताना त्यांचा गुडघा धरला होता, त्यामुळं ना चर्चला जाता आलं ना परत. एवढा वेळ हातात खडू घेऊन बसलेले. काळ्या भिंतीवर त्यांनी त्यांच्या वळणदार अक्षरात वार लिहिला होता, तारीख लिहिली होती आणि खाली 'पट' आणि 'हजर' असे दोन शब्द लिहून पुढची जागा मोकळी सोडली होती.

ते उठायला लागले. "सलाम, बाई."

"सलाम, गुरुजी. बसा. बसा म्हणते ना. पट भरायचा राहिला तुमचा."

"पट लिहायची भीती वाटते मला," गुरुजी म्हणाले.

मी हसले. ते दोघं हसले नाहीत.

आजी त्यांच्यासमोर पायरीवर बसली. मी पाणी आणून दिलं. मग दोघंही एकदमच बोलायला लागले.

"बाई, तुम्ही आधी."

"नाही, तुम्ही घरी आलाय. तुम्ही बोला."

गुरुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "उद्या तुम्ही जाताय. माझ्यामुळं इतकी वर्षं तुम्ही प्रभुभोजन घेत नाही. ते ओझं घेऊन मला बसवत नाही."

"तुमच्यामुळं? तुमच्यामुळं नव्हे, माझ्यामुळं. तुमच्या मनात माझ्याविषयी असताना मी कोणत्या तोंडानं घेऊ?"

"माझ्या मनात? माझ्या मनात काय असणार? मी खोटी मुलं आणली, तुम्ही खरं सांगितलं. बिघडवलं मी. म्हणून तर मीही घेत नाही."

"तुम्ही घेत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही घेत नाही तेव्हापासून."

आजी त्यांच्याकडं बघत राहिली. "मला दिसलं नाही कधी."

"तुम्ही डोळे मिटून असता, बाई. तबक आलं की तुमचे डोळे मिटलेले."

मग जे सुरू झालं त्याला भांडणच म्हणावं लागेल. आजी म्हणे, अपराध माझा, तुमची भाकर गेली. गुरुजी म्हणत, भाकर गेली तर अंडी आली, माझं काही अडलं नाही, अपराध माझा. आजी म्हणे, मग मला क्षमा करा. गुरुजी म्हणत, क्षमा करायला आधी अपराध दिसायला हवा, मला तुमचा दिसत नाही, तुम्हीच मला करा. आजी म्हणे, मला तुमचा दिसत नाही. दोघं पायरीवर हात आपटून बोलत होते. रुमालाची गाठ तिच्या मांडीवर तशीच होती.

"माझं अंडंसुद्धा घेतलं नाहीत तुम्ही कधी," गुरुजी अखेर म्हणाले. "सगळ्या गावानं घेतली. दारावरून सायकल जायची माझी, तुम्ही आत जायच्या."

"मला लाज वाटायची."

"लाज वाटणारा माणूस असा आत जात नाही, बाई. मी मुलांना ओळखतो. लाजलेलं मूल खाली बघतं."

तेव्हा मी बोलले. मला वाटलं, एवढं तरी सांगावं, कारण ते मला ठाऊक होतं आणि त्या दोघांना सुचत नव्हतं.

"आजी, तू रोज संध्याकाळी प्रार्थनेत नावं घेतेस. मी लहानपणापासून ऐकतेय. शिकवलेल्या सगळ्या मुलांची घेतेस. वाया गेलेल्यांचीही. तपासणीच्या साहेबांचं नाव घेतेस. गुरुजींचं मी कधी ऐकलं नाही."

मला वाटलं, आता माझी कानउघाडणी होणार. पण आजी माझ्याकडं बघतच नव्हती.

गुरुजींनी विचारलं, "राग होता का, बाई?"

"होता," आजी म्हणाली.

साहेबांना दिलं होतं तसंच उत्तर. तेवढंच.

मग ती हळू बोलायला लागली. "मला वाटत होतं, तुमच्या मनात आहे. तसं मी स्वतःला सांगत होते. मी अंथरुणातून उठून आले आणि दोनच वाटा शिल्लक होत्या. खोटं बोलायचं, नाहीतर माझी शाळा माझ्याच तोंडानं बंद करायची. एक शब्द आधी सांगितला असता, गुरुजी! मी वस्त्यांवर गेले असते. टोळीच्या मागं गेले असते, उसाच्या फडातून एकेक मूल उचलून आणलं असतं. तापात गेले असते मी!"

"म्हणून तर नाही सांगितलं," गुरुजी म्हणाले.

आजीचं तोंड उघडं राहिलं. कोणा मुलानं न शिकवलेलं उत्तर बरोबर दिलं की तिचा चेहरा असा व्हायचा.

गुरुजींनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले आणि एकदम हसले. "बरं झालं, बाई. फार बरं झालं. मला वाटायचं, रागवायच्यासुद्धा लायकीचा उरलो नाही मी. सलाम करायचा, सलाम घ्यायचा. त्यापेक्षा दोन छड्या मारल्या असत्या तर मी सुटलो असतो."

"हात पुढं करा मग."

गुरुजींनी खरंच तळहात पुढं केला, शाळेतल्या मुलासारखा, डोळे बारीक करून. आजीनं रुमालाची गाठ सोडली. तुकडा वाळला होता. तिनं त्याचे दोन भाग केले. सारखे झाले नाहीत, तेव्हा मोठा त्यांच्या हातावर ठेवला.

"हे चालतं का?" गुरुजींनी विचारलं. "पाळक नाहीत, चर्च नाही."

"शाळा तर आहे," आजी म्हणाली.

खाण्याआधी दोघांनी डोळे मिटले. मीही मिटले, त्यामुळं आधी कोणी खाल्लं ते मी सांगू शकत नाही.

सरलाचा नवरा सायकल घेऊन आला आणि गुरुजींना मागं बसवून घेऊन गेला. संध्याकाळी पाळक साळवे आजीसाठी प्रार्थना करायला आले. आजीनं त्यांना सगळं सांगितलं, लपवायचं तिला ठाऊकच नव्हतं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "बाई, हे प्रभुभोजन झालं की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी नव्हतो ना तिथं."

"तुम्ही नव्हता, बाळा," आजी म्हणाली. "पण आम्ही दोघं होतो. दोघं-तिघं जमले की पुरे, असं तुम्हीच मागच्या महिन्यात सांगितलं होतं." मग तिनं त्यांना बळंच जेवायला बसवलं.

त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत तिनं नावं घेतली. पहिलं नाव गमलिएल गुरुजींचं होतं. ती यादी लांब होती. मी तिच्या शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकली.

सोमवारी जीप आली. मंगळवारी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, असं डॉक्टर म्हणाले. आजी शुद्धीवर आली नाही. गुरुवारी तिला कौठेमाळला आणलं. आमच्याकडं दफनविधीच्या वेळी गेलेल्या माणसाचा जीवनवृत्तांत वाचून दाखवतात. तो मलाच लिहायला सांगितला. जन्म, शिक्षण, नोकरी, मुलं, नातवंडं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एकानं मसुदा वाचून विचारलं, "शेवटचं प्रभुभोजन कधी घेतलं म्हणून लिहायचं?" मी रविवारची तारीख लिहिली. त्यांनी पाळकांकडं पाहिलं. पाळकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि थडग्याजवळ वाचताना ती तारीख वाचली.

ती गेल्यानंतर कौठेमाळला पहिलं प्रभुभोजन झालं तेव्हा मी गेले होते. तबक उजव्या बाजूला तिसऱ्या बाकावर पोचलं. गमलिएल गुरुजींनी दोन तुकडे उचलले. एक खाल्ला. दुसरा कोटाच्या खिशात ठेवला. साळवे पाळकांनी पाहिलं आणि पुढचं गीत सांगितलं.

याला आता बरीच वर्षं झाली. साळवे पाळक बदलून गेले, नंतरचेही गेले. गुरुजींनी ऐंशी ओलांडली आहे, त्यांना धरून आणावं लागतं. दोन तुकडे उचलणं त्यांनी सोडलेलं नाही. गेल्या नाताळात नव्या पाळकांनी तबक त्यांच्यापुढून लगेच हलवलं नाही. वाकून हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, एकाला एकच."

मी पलीकडच्या बाजूला बसले होते, तरी मला ऐकू आलं, कारण गुरुजींना आता कमी ऐकू येतं आणि ते मोठ्यानं बोलतात.

"पट दोनाचा आहे," ते म्हणाले.

नव्या पाळकांनी हा विषय पंचांपुढं ठेवला आहे. सभेची तारीख अजून ठरलेली नाही.